ताशा

ताशा हे दोन काड्यांनी वाजविले जाणारे, पसरट वाडग्याच्या आकाराचे एकतोंडी चर्मवाद्य आहे. महाराष्ट्रात ते मुख्यतः ढोलाच्या साथीने मिरवणुकांत, लग्नकार्यांत, मोहरममध्ये आणि गणेशोत्सवात वाजविले जाते. ढोल-ताशा पथकात ताशांची संख्या ढोलांपेक्षा बरीच कमी असते. तरीही लय वाढविणे, हात बदलणे आणि वादन थांबविणे यांचे इशारे ताशावरूनच दिले जातात. तुटक व कडक नादामुळे त्याची तुलना पाश्चात्त्य स्नेअर ड्रमशी केली जाते. रायगड जिल्ह्यातील पनवेल परिसरात ही दोन्ही वाद्ये वापरात आहेत. हाताने घडवून चामड्याने मढविलेला ताशा आणि प्लास्टिकचे पान बसविलेला नटबोल्टचा ताशा असे दोन प्रकार आज शेजारी-शेजारी आढळतात. त्यांतील निवड ही केवळ आवडीची बाब नसून हवामान, खर्च आणि कारागिरांची उपजीविका यांच्याशी तिचा संबंध आहे.

नाव व पूर्वपीठिका

‘ताशा’ हा शब्द फारसीतील ‘तास’, म्हणजे वाडगा किंवा पसरट भांडे, या शब्दाशी जोडला जातो. वाद्याचा आकार पाहता ही व्युत्पत्ती सहज पटते. उत्तर हिंदुस्थानात आणि दख्खनेत मोहरमच्या ताबुतांपुढे ताशे वाजविण्याची प्रथा जुनी आहे. महाराष्ट्रात हे वादन काही मुस्लिम कुटुंबांनी आणि वाजंत्रीचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या जातींनी सांभाळले. १८९० च्या दशकात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आल्यावर मिरवणुकींमुळे या वादकांना आणखी एक हंगाम मिळाला. पुढे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे संस्थापक आप्पा पेंडसे यांनी विद्यार्थ्यांचे पथक मिरवणुकीत उतरविले आणि हौशी पथकांची परंपरा रुजली. आजच्या पथकांत मुली व स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. वादनाला अशी प्रतिष्ठा मिळाली. तिच्या मानाने वाद्य घडविणाऱ्याला मिळालेली ओळख फारच तोकडी आहे. पाश्चात्त्य देशांत हाताने बनविलेल्या स्नेअर ड्रमवर कारागिराच्या नावाची पट्टी असते व त्या नावावर वाद्याची किंमत ठरते. ताशावर घडविणाऱ्याचे नाव सहसा नसते.

रचना

ताशाचे भांडे तांबे, पितळ, लोखंड किंवा क्वचित मातीचे असते. तोंडाचा व्यास साधारणपणे २५ ते ३५ सेंटिमीटर, तर खोली त्याहून बरीच कमी असते. तोंडावर शेळीच्या पातळ कातड्याचे पान ताणून बसवितात. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून पोटाशी धरले जाते आणि वेताच्या किंवा फायबरच्या बारीक, लवचीक काड्यांनी वाजविले जाते. दोन्ही काड्यांच्या अतिजलद, अखंड आघातांना पथकांच्या बोलीत ‘तर्री’ म्हणतात.

स्नेअर ड्रमची रचना याहून वेगळी आहे. तो दोन तोंडांचा असून खालच्या पानाला तारांची पट्टी चिकटून असते. वरच्या पानावर आघात होताच त्या तारा थरथरतात व ओळखीचा सरसर असा नाद निघतो. ताशाला अशा तारा नसतात. त्याचा कडकपणा पातळ कातडे, मोठा ताण आणि बारीक काडी या तिहींतून येतो.

घडण

हाताने घडविलेल्या तांब्याच्या भांड्यासाठी पत्र्याचा गोल कापून तो हातोडीने ठोकत खोलगट केला जातो. ठोकल्याने तांबे कडक होते, त्यामुळे ते मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करावे लागते. शेवटी एकसारखे ठोके देऊन भांड्याला आकार व मजबुती दिली जाते. तांबटांच्या भाषेत हे मठारकाम होय. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध आहे, जरी तिचा लौकिक बंब-हंड्यांसारख्या घरगुती भांड्यांवर उभा आहे.

वाद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग म्हणजे भांड्याची कड. ती पूर्ण गोल, सपाट आणि गुळगुळीत नसेल तर पान कितीही चांगले असले तरी एका बाजूला ढिले राहते. कातडे भिजवून, केस काढून व खरवडून पातळ केले जाते आणि ओले असतानाच कड्यावर गुंडाळून दोरीने किंवा वादीने आवळले जाते. वाळताना ते आकसते व ताण वाढतो. त्यानंतर कडेलगत सर्व बाजूंनी टिचकी मारून स्वर सारखा येतो का ते पाहिले जाते. जनावराचे कातडे सर्वत्र एका जाडीचे नसते. पाठीकडील भाग जाड, पोटाकडील पातळ असतो. म्हणून कोणता तुकडा कोठे येईल हे कारागिराला हातानेच ठरवावे लागते.

नाद

तबला किंवा मृदंग यांच्या पानावर शाई असते, त्यामुळे त्यांचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये हे दाखवून दिले. ताशाच्या पानावर शाई नसते. त्याचे उपस्वर विसंवादी राहतात आणि नाद निश्चित स्वराऐवजी कडकडाटासारखा ऐकू येतो. मोकळ्या रस्त्यावर, डझनावारी ढोलांच्या घुमाऱ्यातही तो वेगळा कळतो तो यामुळेच.

तांब्याच्या ताशाचा आवाज ‘गोड’ असतो असे वादकांत मानले जाते. तथापि नादाचा मोठा वाटा पानाची जाडी, त्याचा ताण आणि कडेची घडण यांचा असतो. धातूचा परिणाम दुय्यम म्हणावा लागेल. हातघडणीचा खरा लाभ जुळवणीत आहे. भांड्याची खोली व वजन वादकाच्या अंगलोटाप्रमाणे ठरविता येते, आणि चार-पाच तास गळ्यात वाद्य वागविणाऱ्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पथकातील सर्व ताशांचा पल्ला जवळजवळ सारखा राखता येतो. पान फाटले तरी भांडे टिकते व पुन्हा मढविता येते.

चामड्याची उणीव म्हणजे दमटपणा. कातडे हवेतील ओल शोषून सैल पडते आणि स्वर उतरतो. पूर्वी वादक कागद किंवा पेंढा पेटवून त्यावर ताशा शेकत असत. ही पद्धत अद्याप नाहीशी झालेली नाही. प्लास्टिकच्या पानावर ओलीचा परिणाम होत नाही आणि नटबोल्ट चावीने फिरविताच ताण वाढतो. त्याचा नाद अधिक तीक्ष्ण व एकसुरी असतो. जवळ उभ्या असलेल्यांच्या कानांना तो त्रासदायकही ठरतो, त्यामुळे सरावात कानात बोळे घालणे हिताचे असते.

समुद्रापलीकडील ताशा

असाच बदल कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावरही घडला आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ या जहाजातून पहिले हिंदी गिरमिटिया मजूर तेथे उतरले. त्या वसाहतीतील लोकांनी, मुख्यतः भोजपुरी भाषकांनी, ‘तासा’ जोपासला. मातीच्या भांड्यावर शेळीचे कातडे चढवून व विस्तवावर शेकून तो लग्नांत आणि ‘होसे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहरममध्ये वाजविला जातो. तेथेही धातूचे भांडे व कृत्रिम पान असलेला नटबोल्टचा तासा प्रचारात आला आहे.

पनवेल परिसर

महाराष्ट्रात चामडी पानाची खरी परीक्षा कोकणपट्टीत होते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात. पथकांचा सराव आषाढ-श्रावणात सुरू होतो आणि मिरवणुका भाद्रपदात निघतात, म्हणजे वाद्याचा हंगाम नेमका ओलीचाच हंगाम ठरतो. पनवेल, खारघर व कामोठे या भागांतील पथकांना म्हणूनच प्लास्टिकचे पान सोयीचे वाटते. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा कोरड्या दिवसांत असल्याने तेव्हा चामडी ताशाला वाव मिळतो.

याच परिसरातील आगरी-कोळी गावांत हळदी-लग्नाला बँजो पार्टी बोलाविली जाते. तिच्या चमूत ढोलकी, ताशा आणि ‘साईड ड्रम’ या नावाने ओळखला जाणारा स्नेअर ड्रम ही वाद्ये एकत्र ऐकू येतात. हा ड्रम ब्रिटिश लष्करी बँडमधून ब्रास बँडमध्ये आणि तेथून लग्नाच्या वरातीत आला. पिढीजात ताशेवाल्यांच्या कामावर मात्र डीजेचा आणि हौशी पथकांचा दुहेरी परिणाम झाला आहे. प्लास्टिकचे पान कोणालाही बदलता येत असल्यामुळे मढविण्याच्या कामाची मागणीही घटते. हे काम वर्षभर मिळत नाही, आणि बहुतेक फेरमढाई गणेशोत्सवापूर्वीच्या थोड्या आठवड्यांत उरकावी लागते.

उत्सव संपल्यावर चामडी ताशा सावलीत वाळवून ओलीपासून व उंदरांपासून दूर, टांगून ठेवला जातो. कडक उन्हात ठेवल्यास ताण वाढून पान कडेपाशी फाटण्याचा संभव असतो.