बाहेरकाठ्याचा हिशेब

आमची खार म्हंजे धरमतर खाडीच्या दाढेतला घास. बाहेरकाठ्याला खांड पडली, की उधाणाचं खारं पाणी भातात शिरायचं. मग दोन-तीन वर्षं तिथं पीक कसलं? म्हणून माझ्या लहानपणी बांधावर घरटी एक माणूस निघे. कोण आला, कोण घरी झोपला, सगळं गावाला तोंडपाठ. हिशेब कागदावर नव्हता, पण लपतही नव्हता.

पुढं १९७९ चा खारभूमी कायदा आला. बांध खात्याकडं गेले आणि आमची विचारायची सवय मोडली. ग्रामपंचायतीचा कायदा तर १९५८ चा. जमाखर्च ग्रामसभेपुढं ठेवायचा, हे त्यात आहेच. पण गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असतील तेवढीही माणसं जमत नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही, ही खरी मेख!

२०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीकडं आला. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडा गावानंच करायचा. महिलांची सभा आधी भरते. पाण्याचं गाऱ्हाणं तिथंच पहिलं निघतं. बापय नंतर गटार आणि रस्ता मागतात. मी उठून विचारतो, “यंदा खांडीला किती धरलेत?”

“ते काम खात्याचं, काका.”

“मग तसा ठराव लिवा, नि खात्याला धाडा.”