आडनाव नव्हे, घराचे नाव: वेल्समधील पूर्वजांचा शोध

१/ अमेरिकेतील एखाद्या कुटुंबाच्या जुन्या बायबलमध्ये पूर्वजाची नोंद एवढीच असते: ‘जॉन जोन्स, वेल्स’. एवढ्या आधारावर त्याचे गाव शोधणे जवळजवळ अशक्य. याचे कारण वेल्सच्या नामपद्धतीत आहे.

२/ इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे मध्ययुगातच रूढ झाली. वेल्समध्ये मात्र माणूस पित्याच्या नावाने ओळखला जाई. ‘अप’ म्हणजे पुत्र. ‘अप रीस’चे पुढे प्राइस झाले, ‘अप हॉवेल’चे पॉवेल. ग्रामीण भागात ही पद्धत काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली.

३/ आडनावे स्थिर झाली तीही पित्यांच्या प्रचलित नावांवरून, आणि ती नावे मोजकीच. म्हणून जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, एव्हन्स यांची एवढी गर्दी. एकाच चॅपलमध्ये अनेक जॉन जोन्स असत. गावाने त्यावर उपाय काढला होता: नावापुढे घराचे किंवा शेतवाडीचे नाव. थडग्यांवरही ते कोरलेले आढळते.

४/ हे नाव समुद्रापारही गेले. डॉलगेथलायजवळील ‘ब्रिन माउर’ या वाडीचा क्वेकर पंथीय रोलंड एलिस १६८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियात गेला. तेथील ब्रिन मॉर हे आजचे प्रसिद्ध ठिकाण त्याच वाडीच्या नावाने ओळखले जाते.

५/ मग घर नकाशावर शोधावे. १८३६ च्या दशांश-कर कायद्यानंतर परगण्यांचे तपशीलवार नकाशे तयार झाले. सोबतच्या तक्त्यात मालक, कूळ आणि पुष्कळदा शेतांची नावेही आहेत. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे हजाराहून अधिक नकाशे स्वयंसेवकांच्या मदतीने ऑनलाइन आणले. हे काम थोर आहे, पण पुरेसे नाही.

६/ ‘टी नेविद’ म्हणजे ‘नवे घर’. या नावाची घरे वेल्सभर विखुरलेली. त्यांपैकी नेमके कोणते, कोणते कूळ कधी दुसऱ्या वाडीवर गेले, कोणत्या पडक्या भिंतीला लोक अजून काय म्हणतात, हे स्थानिकांनाच ठाऊक. गावोगावचे छोटे वारसा-गट हीच माहिती जपतात: मूठभर स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. इकडे चॅपले बंद पडत आहेत आणि वेल्श लेख कोरलेले दगड झिजत आहेत.

७/ या गटांनी थडग्यांचे लेख उतरवून घेतले, छायाचित्रे जमवली, पुस्तिका छापल्या. पण गावात विकली जाणारी पुस्तिका पेन्सिल्व्हेनियातील वंशजाला दिसणार कशी? २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘पीपल्स कलेक्शन वेल्स’ या द्वैभाषिक संकेतस्थळाने ही दरी काहीशी बुजवली. राष्ट्रीय ग्रंथालय, राष्ट्रीय संग्रहालय आणि पुरातन वास्तूंचा राजकीय आयोग यांचा हा उपक्रम. तेथे छोटे गटही आपली सामग्री चढवू शकतात.

८/ तरी चढवणे म्हणजे पोहोचणे नव्हे. ‘चॅपलची सहल’ एवढ्याच मथळ्याचे छायाचित्र कोणाच्याही शोधात येत नाही. त्याला गाव, वर्ष, माणसे आणि त्यांची घरे जोडावी लागतात. पानाचे नुसते चित्र ठेवले तर त्यातील अक्षरे शोधयंत्राला बहुधा वाचता येत नाहीत. शिवाय वर्णलेखनाचा घोळ! आजचे कायर्नार्व्हन जुन्या इंग्रजी कागदांत वेगळ्याच स्पेलिंगने येते आणि वंशजाच्या हाती असतो तो जुना कागद. दोन्ही रूपे नोंदवली तरच भेट घडते.

९/ पॅटागोनियाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. २८ जुलै १८६५ रोजी ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे वेल्श माणसे अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांचे अनेक वंशज आज स्पॅनिश बोलतात. पणजोबांचे पत्र वेल्शमध्ये, गावातील गटाची सूची इंग्रजीत आणि प्रश्न स्पॅनिशमध्ये!

१०/ पैशाचा प्रश्नही खरा आहे. लेखसंग्रहांच्या विक्रीवर अनेक संस्था चालतात. सर्व काही फुकट खुले केले तर छपाईचा खर्च कोठून निघणार? नावांची आणि घरांची सूची खुली ठेवावी, पूर्ण लेख मात्र विकत द्यावा, हा मधला मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा. सूचीच दडवली तर गिऱ्हाईक येणारच नाही.

११/ आणि लाभ एकतर्फी नसतो. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये कापेल केलिन हे गाव जलाशयाखाली गेले: शाळा, टपाल कार्यालय, चॅपल, वाड्या. त्यांत ‘हावोद वादोग’ ही वाडी होती. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथे क्वेकर प्रार्थनेला जमत आणि त्या खोऱ्यातील अनेक जण छळामुळे पेन्सिल्व्हेनियात गेले. अशा बुडालेल्या घराची एखादी खूण समुद्रापारच्या पेटीतही सापडू शकते. ती मागायची तर त्या पेटीच्या मालकाला आधी गाठावे लागते.

१२/ शेवटचा धोका संकेतस्थळालाच. ते सांभाळणारा एकटा स्वयंसेवक वारला, शुल्क थकले, की वीस वर्षांचे काम एका रात्रीत नाहीसे होते. २०१३ पासून ब्रिटनमधील कायदेशीर ठेव-ग्रंथालये देशातील संकेतस्थळांच्या प्रती जतन करू शकतात. वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय त्यांपैकी एक. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तो संग्रहही वाचकांना दीर्घकाळ बंद राहिला. त्यामुळे थडग्यांच्या यादीची एक छापील प्रत जिल्ह्याच्या अभिलेखागारात ठेवण्याची जुनी रीत अजून मोडीत काढण्याजोगी नाही.