पानथरी, लोह आणि पंडुरोग : एक ऐतिहासिक टिपण

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी असून तेथे आदिवासींची वस्ती आहे. अशा प्रदेशांतील पंडुरोगाचा विचार ‘रक्त कमी, म्हणजे लोह कमी’ या समीकरणाने दीर्घकाळ होत आला. हे समीकरण कोठे अपुरे पडते, याचे उत्तर भक्षक पेशींच्या संशोधनाच्या इतिहासात सापडते.

या संशोधनाचा उगम पचनक्रियेच्या अभ्यासात आहे. क्षुद्र प्राण्यांच्या पेशी अन्नकण गिळून पचवितात, या निरीक्षणातून १८८२ मध्ये एली मेचनिकॉफ यांना भक्षक पेशींची कल्पना सुचली. पुढे रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पेशी म्हणून त्या ख्याती पावल्या व त्यांचे पाचक कार्य काहीसे झाकोळले. वस्तुतः पानथरी व यकृत यांतील महाभक्षक पेशी सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपलेले तांबडे रक्तकण गिळतात आणि त्यांतील लोह नव्या रक्तकणांसाठी परत करतात. अन्नातून दररोज अवघे १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. या पुनरुपयोगातून मात्र २० ते २५ मिलिग्रॅम मिळते.

१९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल लक्षणाविषयीचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. या लक्षणाच्या केवळ वाहकास सहसा पंडुरोग होत नाही. प्रत्यक्ष रोग्याचे रक्तकण मात्र काही आठवड्यांतच नष्ट होतात. तेथे रक्त घटण्याचे मूळ कारण रक्तकणांचा अकाली नाश हे होय, लोहाची तूट नव्हे. दीर्घ संसर्गात आणखी निराळा प्रकार घडतो. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन महाभक्षक पेशींतील लोहाची वाट अडविते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. अशा वेळी लोह शरीरात असूनही रक्तास मिळत नाही.

१९७० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांवर होता. लोहाची खरी उणीव व्यापक असल्याने तो अनाठायी नव्हता. तथापि हिवताप व हिमोग्लोबिनचे विकार यांचा स्वतंत्र विचार २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात समाविष्ट झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी याचे महत्त्व विशेष आहे. तेथील रोग्याच्या बाबतीत लोह अन्नातून आले किती, यासोबतच ते शरीरात अडले कोठे आणि रक्तकण टिकले किती, हेही तपासणे अगत्याचे ठरते.