वृत्तपत्रविद्येची शाळा

संपादक हा जन्मावा लागतो, तो शाळेंत घडवितां येत नाहीं, ही समजूत एकोणिसाव्या शतकांत वृत्तपत्रांच्या धंद्यांत फार दृढ होती. छापखान्यांत उमेदवारी करावी आणि अनुभवानें लेखणी वळवावी, हाच शिक्षणाचा मार्ग मानला जाई. जोसेफ पुलित्झर या अमेरिकन पत्रमालकांनीं १९०४ सालीं या समजुतीला जाहीर उत्तर दिलें. वकील व वैद्य यांना विद्यालयें लागतात, तर लोकमत घडविणाऱ्यालाच तीं कां नकोत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या देणगींतून न्यूयॉर्क येथें विद्यालय निघावयास १९१२ साल उजाडलें; पण त्यापूर्वींच, १९०८ सालीं, मिसूरी विद्यापीठानें अशी शाळा उघडली होती.

तिचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स स्वतः पदवीधर नव्हते. बूनव्हिल गांवीं छापखान्यांत उमेदवारी करून ते संपादकपदास पोहोंचले होते. नुसत्या व्याख्यानांनीं बातमीदार तयार होत नाहीं, हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. म्हणून १४ सप्टेंबर रोजीं शाळा उघडली, त्याच दिवशीं 'युनिव्हर्सिटी मिसूरियन' या पत्राचा पहिला अंकहि निघाला. हें पत्र केवळ विद्यार्थ्यांपुरतें नव्हतें. तें साऱ्या गांवासाठीं होतें. विद्यार्थ्यांनीं बातम्या आणाव्या, तपासाव्या व शिक्षकांच्या देखरेखीखालीं अंक सिद्ध करावा, अशी ही रीत होती.

या रीतीचें मर्म उघड आहे. वहींतल्या चुकीनें विद्यार्थ्याचे गुण जातात, अंकांतल्या चुकीनें दुसऱ्याची अब्रू जाते. अग्रलेखाचीं स्वप्नें घेऊन येणाऱ्या नवशिक्याला म्हणून आधीं साध्या गोष्टी शिकाव्या लागतात: नांव व तारीख अचूक लिहिणें, ऐकीव गोष्टीची खातरजमा करणें, आणि बातमींत आपलें मत न मिसळणें. विल्यम्स यांनीं १९१४ सालीं पत्रकारांसाठीं जी आचारसंहिता लिहिली, तिचा भरहि अचूकपणा, न्यायबुद्धि व लोकांचा विश्वास यांवरच आहे.

हा विचार पुढें हिंदुस्थानांतहि आला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत १९४१ सालीं पृथ्वीपाल सिंग यांनीं या विषयाचें अध्यापन सुरू केलें. त्यांचें स्वतःचें शिक्षण मिसूरी येथें झालें होतें. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजांत १९५२ सालीं असाच विभाग निघाला.

प्रतिभा कोणतीहि शाळा देऊं शकत नाहीं. परंतु लिहिण्यापूर्वीं खात्री करून घेण्याची संवय ती लावूं शकते. आणि वाचकाचें हित प्रतिभेपेक्षां या संवयीवरच अधिक अवलंबून असतें.