जड पाण्याचा संसार

बीड जिल्ह्यांतील परळी तालुक्यांत धर्मापुरी नांवाचें गांव आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं तें भरभराटींत होतें, आणि तेथील केदारेश्वराचें देऊळ त्या वैभवाची साक्ष देत अद्याप उभें आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पें पाहावयास रसिक व अभ्यासक जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या जातीच्या काळ्या दगडांत तीं शिल्पें कोरलीं आहेत, त्याच दगडाच्या पोटांतून ह्या मुलखांतील विहिरींचें पाणी येतें, हा विचार पाहणाराच्या मनांत सहसा येत नाहीं. देवळाचा इतिहास लिहिला जातो; हंड्याचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर सांचून दख्खनचा हा दगड बनला. पावसाचें पाणी मुळांत मृदु असतें. परंतु जमिनींत मुरतांना तें मातींतील कर्बाम्ल वायु शोषून घेतें आणि त्याच्या जोरावर दगडांतील चुना व मॅग्नेशियम विरघळवून आपल्याबरोबर नेतें. अशा पाण्यास शाळेंतील पुस्तकांत दुष्फेन म्हणतात, घरांत जड म्हणतात. खारें पाणी जिभेला कळतें. जड पाणी बहुधा चुलीवर कळतें. डाळ कितीही वेळ रटरटली तरी टणकच राहते, कारण पाण्यांतील चुना डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिन नांवाच्या द्रव्याला अधिकच घट्ट करतो. साबणाला फेस न येतां त्याचा दह्याच्या कवड्यांसारखा चिकट साका होतो. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाला आंतून पांढरें पुट चढतें, आणि त्या पुटांतून उष्णता नीट जात नसल्यामुळें तेंच पाणी तापवावयास अधिक लांकूड जळतें.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनीं पाण्याचा विचार केला नव्हता असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळविण्याचीं सात साधनें दिलीं आहेत: कतक, गोमेदक, कमळाचा कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं आणि मणि. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायांत विहिरीचें पाणी गढूळ, कडवट, खारट अगर बेचव असल्यास अंजन, नागरमोथा, वाळा, राजकोशातक व आवळा ह्यांचें चूर्ण कतकफळासह टाकावें, असें सांगितलें आहे. हें कतक म्हणजेच आपली निवळी. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. निवळी घांसल्यानें पाण्यांतील गाळ तळाशीं बसतो. विरघळलेला चुना बसत नाहीं. पाणी आरशासारखें स्वच्छ दिसावें आणि तरीही त्यांत डाळ शिजूं नये, हा प्रकार स्वयंपाकघरांतच उमगणारा होता. म्हणून जड पाण्यावरील उपाय ग्रंथांत शोधण्यापेक्षां आपल्या आज्यांच्या हातांत शोधलेले बरे.

त्यांचा पहिला उपाय म्हणजे निवड. ह्या आडाचें पाणी धुण्याला, त्या विहिरीचें वरणाला, अशी वांटणी गांवोगांव ठरलेली असे. आणि डाळ शिजविणाऱ्या विहिरीसाठीं बायका लांबचा फेरा पत्करीत. दुसरा उपाय केंसांसाठीं शिकेकाई आणि रिठा. ह्यांच्या फेंसाचें कारण असलेलें सॅपोनिन द्रव्य चुन्याशीं मिळून साबणासारखें फुटत नाहीं, म्हणून जड पाण्यांतही तें आपलें काम करतें. तिसरा उपाय परटाचा. राखेंत व सज्जीखारांत जे क्षार असतात, ते पाण्यांतील चुन्याला घन करून खालीं बसवितात. अर्थात् परीट कपड्यांचा मळ काढण्यापूर्वीं पाण्याचाच जडपणा काढीत असे. डाळींत चिमूटभर पापडखार टाकणें हें ह्याच युक्तीचें घरगुती रूप होय. मात्र त्यामुळें डाळींतील ब जीवनसत्त्वाचा कांहीं अंश नष्ट होतो, हेंही सांगितलें पाहिजे. पाणी उकळून, निववून वरचेवर ओतून घेतलें म्हणजे त्याचा तात्पुरता जडपणा जातो. आणि बंबाचें पुट चिंचेच्या कोळानें सुटतें, कारण चिंचेंतील आम्ल तें विरघळवितें. ह्यांतील एकाही गोष्टीला कोणी रसायनशास्त्र म्हटलें नाहीं. पण तें रसायनशास्त्रच होतें.

तथापि ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गातांना तिची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. गोडें पाणी कोठें आहे हें सर्वांना ठाऊक होतें. तें भरण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. अस्पृश्य मानलेल्या घरांना पाणवठे बंद होते, आणि तो अधिकार जगापुढें मांडण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घ्यावें लागलें. ज्यांना अधिकार होता त्या घरांतही फेऱ्यांचा भार बायकांच्याच डोक्यावर होता. पाण्याची निवड हें शहाणपण खरें, पण त्याची किंमत कोणी मोजली हें विसरतां कामा नये.

युरोपांत ह्या प्रश्नाला निराळी दिशा मिळाली. तेथें साबणाचा खप वाढला, कारखान्यांचे बाष्पक आले, आणि जड पाणी हा पैशाचा प्रश्न झाला. ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क ह्यांनीं १८४१ सालीं पाण्यांत चुनाच मिसळून चुना काढण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. काट्यानें काटा काढावा तसा हा प्रकार. पुढें १९०५ च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ रॉबर्ट गान्स ह्यांनीं कृत्रिम झिओलाइटच्या थरांतून पाणी गाळून तें मृदु करण्याची युक्ति काढली. गंमत अशी कीं, नैसर्गिक झिओलाइटचे सुंदर स्फटिक आपल्या दख्खनच्या दगडांतील पोकळ्यांत जागोजागीं सांपडतात. ज्या दगडानें पाणी जड केलें, त्याच्याच पोटांत त्याच्या उताऱ्याचें बीज होतें.

आपल्याकडे १८८८ सालीं विलायती सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्यास उतरल्या. साबण घरोघर रूढ झाला, रिठा मागें पडला, आणि मग जड पाण्याची अडचण अधिकच जाणवूं लागली. ती १९५९ सालीं आलेल्या सर्फनें आणि १९६९ पासून निघालेल्या स्वस्त निरमानें धुण्यापुरती दूर केली, कारण ह्या चूर्णांचा साबणासारखा साका होत नाहीं. वरणाचा प्रश्न मात्र राहिलाच.

त्यांत १९७२ चा दुष्काळ आला. त्यानंतर मराठवाड्यांत कूपनलिका सर्वत्र झाल्या. खोलवरचें पाणी दगडाच्या सहवासांत अधिक काळ राहिलेलें असतें, म्हणून बहुधा अधिक जड असतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा असावा, आणि दुसरें पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालेल. जड पाण्यानें अपाय होतोच असें शास्त्र म्हणत नाहीं. तरीही आज घरोघर आर.ओ. यंत्रें आलीं आहेत. तीं पाणी मृदु करतात. परंतु एक हंडा शुद्ध करण्यासाठीं पुष्कळदां दोन-तीन हंडे मोरींत सोडतात. ज्या मराठवाड्यांत २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें ही उधळपट्टी शोभत नाहीं. निदान तें सोडलेलें पाणी फरशी पुसण्यास तरी ठेवावें.

ह्या सर्व इतिहासांत एक गोष्ट आपल्या नजरेंतून निसटली आहे. जुन्या मराठवाडी घरावर मातीचें माळवद असे. त्याच्या पन्हळींतून येणारें पाणी गढूळ, म्हणून तें सांठवण्याचा मोह कोणास झाला नाहीं. आज माळवदाच्या जागीं सिमेंटचा स्लॅब आला आहे. पांचशें चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर सुमारें अकराशें लिटर, म्हणजे पन्नास-साठ हंडे, पाणी मिळतें. आणि त्यानें दगडाला अजून स्पर्शही केलेला नसतो. पहिल्या सरीचें पाणी सोडून द्यावें, पुढचें गाळून झांकलेल्या टांकींत घ्यावें, पिण्यासाठीं उकळावें. वर्षभर पुरेल इतकें तें नसेल. पण रोजच्या वरणापुरतें पुष्कळ दिवस पुरेल. वरणाचें पाणी वेगळें आणि धुण्याचें वेगळें, हा आपल्या आज्यांचा विवेक मग पुन्हां पाळतां येईल, आणि ह्या खेपेस त्यासाठीं कोणाला लांबचा फेरा घालावा लागणार नाहीं.