मुंबई बघायला कुणी जायचं?



आपल्या गावातली बाई मुंबईला कधी जाते? मोठ्या दवाखान्यात कुणाला दाखवायचं असेल तेव्हा. लेकीचं बाळंतपण असेल तेव्हा. मोर्चा असेल तेव्हा. नाहीतर बचत गटाचा चटण्या-पापडांचा स्टॉल महालक्ष्मी सरस प्रदर्शनात लागला, तर तेव्हा. स्टॉलवर दिवसच्या दिवस उभं राहायचं, हिशोब जुळवायचा, उरलेला माल बांधायचा आणि रात्रीच्या गाडीनं परत यायचं. समुद्र बघितला का, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "वेळ कुठं होता?"

आणि काहीच काम नसताना, नुसती मुंबई बघायला जाते म्हटलं तर? मग घरातून पहिला प्रश्न येतो, "काय काम काढलंय तिकडं?" पुरुषाला हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो मित्रांबरोबर जातो, चौपाटीवर भेळ खातो, गेटवेसमोर फोटो काढतो आणि येतो. बाईला मात्र निमित्त लागतं.

आज आपण मुंबईतल्या फिरायच्या जागांचा थोडा इतिहास बघू. या जागा कुणी केल्या, कुणाच्या पैशानं, आणि तिथं बायका कशा पोचल्या, हे कळलं की आपल्या प्रश्नाचं उत्तरही सापडेल.

आपल्या आज्या-पणज्या फिरतच नव्हत्या, असं नाही. पण त्यांचं फिरणं देवाच्या नावानं होतं. गावची जत्रा, पंढरीची वारी, कुलदैवताचं दर्शन. मुंबईतही तसंच. नवरात्रात महालक्ष्मीची जत्रा, माहीमच्या दर्ग्याचा उरूस, सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा. या जत्रांना सगळ्या जातीधर्माच्या बायका लोटत, आजही लोटतात. दर्शन घ्यायचं, बांगड्या भरायच्या, खाऊ घ्यायचा, पोरांना पाळण्यात बसवायचं. देवाचं निमित्त असलं की बाईला घराबाहेर पडता यायचं.

मग आगगाडी आली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. पुढे रूळ घाट चढून गेले. त्याच काळात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. कोकणातले, घाटावरचे हजारो पुरुष पोटासाठी गिरणीत गेले. बायका गावाकडे राहिल्या. शेत, सासू-सासरे, गुरं, लेकरं त्यांनी सांभाळली. त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला येणारा नवरा. कितीतरी बायकांनी मुंबईच्या पैशावर संसार केला, पण मुंबई डोळ्यानं बघितली नाही.

याच काळात मुंबईत फिरायच्या जागा तयार होत होत्या. 1863 साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक लिहिलं. मराठीत एका शहराची अशी सविस्तर माहिती देणारं ते पहिलं पुस्तक. शहर बघण्यासारखं असतं, त्याबद्दल आपल्या भाषेत लिहावं, असं तेव्हा वाटू लागलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, 19 नोव्हेंबर 1862 रोजी, भायखळ्याची बाग सुरू झाली. इंग्लंडच्या राणीचं नाव तिला दिलं, म्हणून लोक तिला 'राणीची बाग' म्हणू लागले. पुढे तिला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं. लोकांच्या तोंडात अजून राणीची बागच आहे, आणि जिजाऊही आपल्या मनातली राणीच, तेव्हा दोन्ही नावं शोभतात. बागेला लागून 1872 साली संग्रहालय उघडलं. तेही तेव्हा राणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. पण ते उभं राहावं म्हणून खटपट केली आणि पैसा उभा केला त्यात इथली माणसं होती. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड ही त्यातली मोठी नावं. शंकरशेट मूळचे मुरबाडचे. मुलींच्या शाळेला लोक नावं ठेवत होते, त्या काळात त्यांनी आपल्या वाड्यात तिच्यासाठी जागा दिली. भाऊ दाजी मूळचे गोव्याचे, नावाजलेले डॉक्टर आणि मुलींच्या शिक्षणाचे कैवारी. 1975 साली संग्रहालयाला त्यांचंच नाव दिलं गेलं. मुलींनी शिकावं म्हणून झटणाऱ्यांनी उभं केलेलं हे घर आहे. तिथं जाताना आपण परक्या ठिकाणी चाललोय असं वाटायचं कारण नाही.

या बागेची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2007 च्या सुमारास बाग पाडून तिथं नवं, भपकेबाज प्राणिसंग्रहालय करायचा मोठा बेत पुढे आला. जुन्या झाडांचं काय होणार, ही काळजी मुंबईतल्या काही बायकांनी घेतली. त्या एकत्र आल्या. त्यांनी झाडांची नोंद केली, पत्रं लिहिली, लोकांना बागेत नेऊन एकेक झाड दाखवलं. शेवटी तो बेत बदलावा लागला. आज तिथं गोरखचिंचेच्या पिंपाएवढ्या बुंध्याखाली उभं राहाल, तेव्हा ही सावली बायकांच्या एका गटानं राखली आहे, हे ध्यानात ठेवा.

आता करमणुकीकडे वळू. 7 जुलै 1896 रोजी मुंबईत पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली. जागा होती वॉटसन हॉटेल, काळा घोडा भागात. हॉटेल गोऱ्यांचं आणि तिकीट एक रुपया. तेव्हाचा रुपया म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. पण आठवडाभरात हाच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाला. तिथं पुढं चार आण्यांपासून तिकिटं निघाली, आणि पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळी बंदिस्त जागा ठेवली गेली, तशी जाहिरातही झाली. बायका आल्या तर आपला धंदा वाढेल, हे खेळवाल्यांनी लगेच ओळखलं. बाईचं दार आधी थोडंसं उघडलं, तेही पडद्याआडून.

पडद्यावर यायला मात्र वेळ लागला. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढत होते, तेव्हा तारामतीचं काम करायला कुणी बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं ते काम केलं. 3 मे 1913 रोजी गिरगावात चित्रपट लागला. पण पडद्यामागं एक बाई होतीच. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्री जागून फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही केली. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर' या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई यांनी कामं केली. मायलेकींनी ती वाट मोकळी केली.

सिनेमा आला त्या गिरगावातच चौपाटी आहे. चर्नी रोड स्टेशनावर उतरलं की समोर समुद्र. लोक तिथं भेळ खातात, वाळूत बसतात, गणपती विसर्जन बघतात. 1920 च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळकांचा अंत्यसंस्कार याच वाळूत झाला. तिथं त्यांचा पुतळा आहे. पण बायकांनी तिथं काय केलं, हे फार कमी जणींना ठाऊक असतं. 1930 साली गांधीजी दांडीला निघाले, तेव्हा सोबत बायकांना घ्यायला ते तयार नव्हते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्यांच्याशी वाद घातला आणि मिठाच्या सत्याग्रहात बायकांची जागा मिळवली. एप्रिल 1930 मध्ये कमलादेवी, अवंतिकाबाई गोखले आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी चौपाटीवर चुली मांडल्या, समुद्राचं पाणी उकळलं आणि मीठ काढलं. सरकारचा कायदा त्यांनी चुलीवर मोडला. या अवंतिकाबाईंनी 1918 साली गिरगावात हिंद महिला समाज काढला होता, म्हणजे आपल्यासारखंच महिला मंडळ. पुढं 9 ऑगस्ट 1942 रोजी, सगळे मोठे पुढारी पकडले गेले असताना, गवालिया टँक मैदानात अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला. ते मैदानही चौपाटीपासून फार लांब नाही. आज त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात.

चौपाटीवरून वर बघितलं की मलबार हिलची हिरवी टेकडी दिसते. वर हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क. या पार्कातला 'म्हातारीचा बूट' मराठी पोरांनी पुस्तकातल्या चित्रात तरी बघितलेला असतो. इंग्रजी गाण्यातली एक म्हातारी ढीगभर पोरांना घेऊन बुटात राहते, तिचं हे घर. घर लहान आणि पोरं पुष्कळ, तिची अडचण आपल्याला समजावून सांगायला नको!

पण समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये हिरवळीवरून चालताना पायाखाली काय आहे, ते ऐका. ही बाग 1881 च्या सुमारास पाण्याच्या मोठ्या टाकीवर केली. हिरवळीखाली शहराला पुरवायचं पाणी साठवलेलं असतं. आणि मुंबईचं बहुतेक पाणी येतं कुठून? तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून. ही धरणं शहापूर-मोखाड्याच्या बाजूची. तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्यांच्या रानातलं पाणी नळानं शहरात जातं आणि त्यावर बाग फुलते. त्या पाड्यावरची बाई या बागेत आली, तर ती कुणाच्या घरी पाहुणी म्हणून आलेली नाही.

आता गेटवे ऑफ इंडिया. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान. गंमत अशी की राजा आला तेव्हा ती उभीच नव्हती. पायाचा दगड 1913 साली बसला आणि कमान खुली झाली 1924 साली. पुढं चोवीस वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1948 रोजी, इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीतून बोटीवर चढून गेली. राजासाठी केलेली कमान राज्य संपल्यावर लोकांची झाली. आज तिथं तिकीट नाही. समोर 1961 पासून शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

गेटवेवरून बोटीनं तासाभरात घारापुरी येते. तिथल्या लेण्यांतली तीन मुखांची शिवमूर्ती साधारण अठरा-वीस फूट उंच. पण तिच्यापाशीच थांबू नका. शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प बघा आणि अर्धनारीश्वर बघा. अर्धा देह शिवाचा, अर्धा पार्वतीचा. हे बेट म्हणजे गावही आहे. देशोदेशीचे पाहुणे तिथं येत होते, 1987 साली लेण्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तरी गावात वीज पोचायला 2018 साल उजाडलं. या बेटावर पूर्वी दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, पण उचलताना हत्तीच मोडला आणि त्यामुळे इथंच राहिला. त्याचे तुकडे जोडून तो भायखळ्याच्या संग्रहालयाबाहेर उभा केलेला आहे.

तर मैत्रिणींनो, या जागांवर आपली कामं, आपलं पाणी, आपल्या माणसांचा घाम आणि आपल्या आधीच्या बायकांची हिंमत आहे. तिथं जायला निमित्त कशाला हवं? "काय काम काढलंय?" असं कुणी विचारलं, तर सांगा, "मुंबई बघायचं काम आहे."

गटानं ठरवलं तर ते जमतं. बारा जणींनी महिन्याला पन्नास रुपये वेगळे ठेवले, तर वर्षाला सात हजार दोनशे होतात. प्रवासाला, तिकिटांना मोठा हातभार लागतो. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट नको. दोन-तीन जागा निवडा. राणीची बाग आणि शेजारचं संग्रहालय बुधवारी बंद असतं, घारापुरीची लेणी सोमवारी. पावसाळ्यात बोटी बंद राहू शकतात, म्हणून घारापुरीला हिवाळ्यात जा, आणि बोटीत लाइफ जॅकेट मागून घाला. निघण्याआधी तिकिटाचे दर आणि वेळा विचारून घ्या. आणि ज्या म्हाताऱ्या मावशी "मी आता कशाला" म्हणतील, त्यांना पहिल्यांदा गाडीत बसवा.

पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. आपल्या गटातल्या किती जणींनी समुद्र बघितला आहे? आणि ज्यांनी नाही बघितला, त्यांना कुणी अडवलं होतं? उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि खाली सहलीची तारीख टाका.