पितळी हंड्याची हकिकत

आपल्यापैकी बऱ्याच घरांत माळ्यावर आजीचा पितळी हंडा पडून असतो. काठावर नाव कोरलेले, पोटाला एखादा पोचा. स्टील आले आणि पितळ अडगळीत गेले. पुष्कळांनी मोडीतही घातले. पण त्याआधी या धातूची हकिकत मुलाबाळांना सांगितली पाहिजे.

पितळ खाणीत सापडत नाही. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. ऐकायला सोपे, करायला अवघड. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि जस्त तर ९०७ अंशालाच वाफ होऊन उडून जाते! म्हणून जुने कारागीर तोंड बंद केलेल्या मुशीत तांबे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र तापवीत. तक्षशिलेच्या उत्खननात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले पितळी पात्र मिळाले, त्यात सुमारे ३४ टक्के जस्त आहे. पुढे राजस्थानात जावर येथे जस्ताची वाफ थंड करून शुद्ध जस्त काढू लागले.

सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त घेतले तर पितळ थंड असतानाच ठोकता, ओढता येते, फाटत नाही. बंदुकीच्या काडतुसाची नळी याच पितळेची. आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. साठ-चाळीसचे पितळ मात्र तापवूनच घडवावे लागते. त्यात थोडे शिसे घातले की ते लेथवर सहज कातले जाते. नळाच्या तोट्या त्याच्या होतात. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई.

असा हा गुणाचा धातू, पण तो वापरायची मुभा सगळ्यांना नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने ठरवून दिले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये एक घटना नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्यांतल्या खात्यापित्या घरच्या बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. मातीचे मडके चालत होते, धातूचे भांडे खुपत होते.

तेव्हा माळ्यावरचा हंडा मोडीत घालायची घाई करू नका. चिंचेने घासून खाली ठेवा. आणि नातवाने विचारले तर सांगा, बाळा, असे भांडे डोक्यावर घेतले म्हणून आपल्या आयाबहिणींनी मार सोसला आहे.